रक्ताची बाटली आणि पाच दिवसांची वाट

शिर्डीच्या गर्दीत दर्शनाला आलेली माणसे असतात, तशीच दवाखान्यासाठी आलेलीही असतात. साईबाबा संस्थानची दोन रुग्णालये तेथे आहेत. जवळच लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा शिर्डीत लॉजवर कामाला. त्याला दहा दिवस ताप होता, म्हणून आम्ही भेटायला गेलो. वहिनी रागातच होत्या. “भाऊजी, एवढं रक्त काढलं आणि रिपोर्ट पाच दिवसांनी? मशीन बिघडलंय का?”

आम्हांलाही सांगता येईना. मग प्रयोगशाळेतल्या माणसालाच विचारले.

रक्तात जंतू शिरले तरी ते फार थोडे असतात; कधीकधी एका मिलिलिटरमध्ये एखादाच! सूक्ष्मदर्शकाखाली तो सापडणार कसा? म्हणून मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात आणि बाटली अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. काही बाटल्यांच्या तळाची चकती त्याने पिवळी पडते, आणि यंत्र दर दहा मिनिटांनी ती तपासते. यंत्र नसेल तेथे तंत्रज्ञ बाटली उजेडात धरून गढूळपणा, बुडबुडे पाहतो. बरेचसे जंतू एक-दोन दिवसांत दिसतात. पण “जंतू नाहीत” असे म्हणायला पाच दिवस थांबावे लागते. जंतू सापडला की त्यावर कोणते औषध चालेल, हे पाहायला आणखी एक-दोन दिवस.

ही बाटलीतली शेती महाराष्ट्राला जुनीच. १८९६ च्या प्लेगात मुंबईला आलेल्या हाफकिन साहेबांनी मांसाच्या रशावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली लोंबणारे प्लेगचे जंतू वाढवले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांपासून केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली.

दोन्ही हातांचे रक्त घेतात, तेही उगीच नव्हे. एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू वाढला, तर तो सुईबरोबर आत गेला असावा, हे डॉक्टर ओळखतात.

आमच्या मुलाच्या बाटलीत काहीच वाढले नाही. त्याने आधीच चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्या खाल्ल्या होत्या. अर्धवट दबलेले जंतू बाटलीत वाढत नाहीत. डॉक्टरांना अंदाजानेच औषध चालवावे लागले. रोगी अत्यवस्थ असेल तर रक्त काढून लगेच इंजेक्शन सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. पण रक्त आधी, औषध नंतर.

वहिनींनी त्या गोळ्यांचे रिकामे पाकीट केराच्या डब्यातून शोधून काढले आणि डॉक्टरांना नेऊन दाखवले.