जोड कशाने जमते?

जत्रेच्या फडात पंच दोन मल्लांना शेजारीशेजारी उभे करतात, मान, खांदे, मांड्या नजरेने जोखतात आणि मग जोड लावतात. अधिकृत स्पर्धेत हे काम वजनकाटा करतो. तरीही महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंतचे मल्ल एकाच गदेसाठी लढतात. म्हणजे तब्बल ३९ किलोंचा फरक नियमानेच मान्य केला आहे. तोलामोलाची जोड सारख्या अंगाने जमत नाही, असे माझे म्हणणे आहे. वेगळ्या घडणीच्या मल्लाला जिंकायची एक तरी वाट उरली पाहिजे आणि कोणत्याही मल्लाचा डाव बिनतोड राहता कामा नये.

पट काढण्याचेच पाहा. बुटका, चपळ मल्ल खाली झेपावतो, समोरच्याचे पाय कवेत घेतो आणि खांद्याने रेटतो. त्याची तोड पायांत आहे: पाय झटक्यात मागे फेकायचे आणि छातीचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकायचा. भारी मल्लाला ही तोड साधली, की खालचा मल्ल स्वतःच्याच डावात अडकतो. भारी मल्लाला क्षणभर उशीर झाला, तर तेच वजन त्याला घेऊन खाली येते. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ या व्हिडिओ गेमने हेच तत्त्व पडद्यावर आणले. त्यातला झांगिएफ हा पहिलवान अंगाला भिडला तर भयंकर, पण लांब हात-पाय फेकणारा धालसिम त्याला जवळच येऊ देत नाही. सगळा खेळ मधल्या अंतराचा. आपल्याकडे खडाखडीत, म्हणजे सुरुवातीला हात भिडवून एकमेकांना जोखताना, हेच अंतर तोडले किंवा राखले जाते.

पुण्याने २०२३ मध्ये याचे ठळक उदाहरण पाहिले. जानेवारीत कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवले आणि अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला चितपट केले. या हिशेबाने शिवराज सिकंदरवर सहज भारी पडायला हवा होता. पण नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदरने शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. अ हा ब पेक्षा भारी आणि ब हा क पेक्षा भारी, म्हणून अ हा क पेक्षा भारी, हे गणित आखाड्यात चालत नाही. यावर कोणी म्हणेल, तीन कुस्त्यांवरून नियम निघत नाही. दहा महिन्यांत तयारी बदलते, शिवाय जानेवारीच्या महेंद्र-सिकंदर कुस्तीत बाहेरची टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून वादही झाला. आक्षेप रास्त आहे. पण तो वाद माझा मुद्दा उलट पक्काच करतो. एका डावाला दोन गुण द्यायचे की चार, यावर कोणत्या घडणीचा मल्ल पुढे जाणार हे ठरते. म्हणूनच गुणांच्या नियमांची जबाबदारी वजनकाट्याहून मोठी आहे.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: गादीने, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीने, ताकदीच्या मल्लाचा घात केला. सहा मिनिटे, गुण, कड्याबाहेर पाय पडला तरी एक गुण. दमवून दमवून निकाली कुस्ती करणाऱ्याला तिथे वेळच मिळत नाही. यात तथ्य आहे. तेल, ताक, हळद घातलेल्या मातीत अनवाणी पाय रुततो, झेप जड होते आणि पकड टिकवणारा फायद्यात राहतो. गादीवर बुटाचा तळ घट्ट बसतो आणि चपळाई वसूल होते. पण म्हणूनच माती आणि गादीचे विजेते वेगळे निवडून त्यांची अंतिम कुस्ती लावण्याची महाराष्ट्र केसरीची पद्धत मला फार मोलाची वाटते. दोन्ही घडणींना तिथे शेवटपर्यंत जागा आहे. संयोजकांना एकच विनंती: सोयीसाठी किंवा खर्चासाठी यातला एक विभाग कधी बंद करू नका.