स्नूकरच्या क्यूची निगा : पुसा भरपूर, घासू नका



थंडी सुरू झाली की इथे ब्रिटनमध्ये क्रिकेटच्या बॅटी कपाटात जातात आणि आपली मुले (आणि त्यांचे बाबाही) स्नूकरच्या टेबलाकडे वळतात. हा खेळ आपल्याला परका नाही. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत तो जन्मला असे मानतात, आणि १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे. त्यामुळे काही घरांत दुकानातून आणलेल्या नव्या क्यूशेजारी आजोबांचा जिमखान्यातला क्यूही असतो, भारतातून जपून आणलेला. आम्हाला प्रश्न येतो तो बहुधा त्याच्याबद्दलच : "क्यू काळा, चिकट झालाय. कशाने घासू?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. घासू नका. खेळून क्यू क्वचितच बिघडतो. तो बिघडतो पॉलिशपेपरने, पाण्याने आणि चुकीच्या जागी ठेवल्याने.

चांगल्या क्यूचा दांडा बहुधा ऍशच्या लाकडाचा असतो, काही वेळा मेपलचा. ऍशवर बाणाच्या टोकासारख्या गडद रेषा दिसतात आणि त्या रेषांची छिद्रे उघडी असतात. टेबलावरचा चॉक आणि हाताचा घाम त्यांत जाऊन बसतो. काळेपणा येतो तो त्याचाच. जाड मूठ एबनीची किंवा रोझवूडची असते (आपली शिसव याच कुळातली). टोकाला पितळेची छोटी कडी, तिला फेरूल म्हणतात, आणि तिच्यावर चामड्याची टिप.

रोजचे काम एवढेच. खेळून झाले की कोरड्या सुती फडक्याने टोकाकडून मुठीकडे क्यू पुसायचा. जुनी धुतलेली बनियन उत्तम! चिकटपणा राहिला तर फडके कोमट पाण्यात बुडवून इतके पिळायचे की थेंबही पडू नये, एक हात फिरवायचा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने जोरात चोळायचे, दांडा हाताला थोडा गरम लागेपर्यंत. या चोळण्यानेच लाकूड गुळगुळीत होते. पाणी लाकडात मुरू द्यायचे नाही, कारण भिजलेले तंतू फुगून उभे राहतात आणि दांडा खरखरीत होतो. खेळायला बसण्याआधी हात धुवायची सवय लावली तर निम्मे काम वाचते. वडा खाऊन थेट टेबलाकडे धावणाऱ्यांना हे विशेष सांगणे आहे.

पॉलिशपेपरला आमचा एवढा विरोध का? स्नूकरची टिप जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटरची असते आणि दांडा तिथून मुठीपर्यंत अगदी हळूहळू जाड होत जातो. पॉलिशपेपर लाकूड खातो, पितळ मात्र तेवढेच राहते. मग फेरूलपाशी एक बारीकशी पायरी तयार होते आणि प्रत्येक फटक्याला ती बोटांना लागते. गेलेले लाकूड कोणीही कारागीर परत आणू शकत नाही. आजोबांच्या क्यूवरचा थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या, खेळाला त्याने काही होत नाही.

आता तेल. बॅटला जवसाचे तेल लावलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे, आणि क्यूलाही तेच चालते. पण बॅटला लावतो तसे नव्हे : फडक्यावर चार-पाच थेंब, दांड्यावर पातळ हात, दहा मिनिटांनी सगळे पुसून काढायचे आणि क्यू एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. वर्षातून दोन-तीनदा पुरे. दांडा काचेसारखा चकचकीत असेल तर त्यावर लाखेचा किंवा वॉर्निशचा थर आहे असे समजा. तेल आत जाणारच नाही, नुसते पुसत राहा. खोबरेल मात्र कृपा करून नको. ते जवसासारखे वाळत नाही, चिकट राहते आणि इथल्या थंडीत लाकडाच्या छिद्रांतच थिजते. आणखी एक महत्त्वाचे : जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मग टाका.

भारतातून आलेल्या क्यूचे खरे दुखणे हवेचे असते. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगलेले लाकूड इथे सेंट्रल हीटिंगच्या कोरड्या घरात येते आणि आकसते. लाकूड आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. पितळेची कडी मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून फेरूल सैल होते. फटका मारताना टोकाशी बारीक 'टिक' ऐकू येऊ लागली तर आधी तिथे बघा. ते दुरुस्तीवाल्याचे काम आहे, घरी गोंद ओतू नका. क्यू केसमध्ये बंद करून आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. रेडिएटरजवळ नको, गाडीच्या डिकीत रात्रभर नको, आणि भिंतीला तिरपा टेकवून तर महिनोन्‌महिने अजिबात नको. वाक आला का हे टेबलावर लोळवून नीट कळत नाही, कारण स्नूकरच्या क्यूला मुठीच्या एका बाजूला सपाट काप असतो. एक डोळा मिटून बंदुकीसारखे दांड्यावरून बघा. किंचित वाक असेल तर घाबरू नका, तसाच खेळा. वाफेवर धरून सरळ करायचा उद्योग मात्र करू नका.

टिप चपटी होऊन कडेने बाहेर आली की बारीक कानशीने पुन्हा घुमट करायचा आणि फेरूलच्या जवळ आली की बदलायची. पहिल्यांदा दुकानात बदलून घ्या आणि बघून शिका. पितळ चमकवायला ब्रासो हवेच असेल तर लाकडावर चिकटपट्टी लावून आणि क्वचितच. दोन तुकड्यांच्या क्यूचा पेच कोरडा पुसायचा, बोटांच्या जोराने घट्ट करायचा, पिळायचा नाही.

सुट्टीत क्यू विमानाने नेणार असाल तर कडक नळीसारखी केस घ्या. स्टीफन हेंड्रीसारख्या सात वेळच्या जगज्जेत्याचा लहानपणापासूनचा क्यू २००३ साली थायलंडहून परतताना सामानात मोडला, आणि त्याला नवा क्यू शोधावा लागला. केबिनमध्ये क्यू नेता येतो की नाही हे देशागणिक बदलते, म्हणून जाण्यायेण्याच्या दोन्ही टोकांचे नियम आधी बघा. सामानात टाकलाच तर दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळा, टिपेच्या बाजूला एक मोजा घाला, आणि पोचल्यावर केस खोलीत बंदच ठेवून दुसऱ्या दिवशी उघडा.