नव्या काबिजादींतील विद्यार्थी आणि पोर्तुगीज भाषा

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. तिसवाडी, बारदेश व सासष्टी या जुन्या काबिजादींच्या मानाने हा काळ अडीचशे वर्षांनी अलीकडचा. त्यामुळे या महालांत घरची बोली, देवळातले कीर्तन आणि पंतोजीच्या हाताखालची मराठी मुळाक्षरे यांचा क्रम फारसा मोडला नाही. पणजीचे लिसेव १८५४ मध्ये सुरू झाले खरे. परंतु कुळागराच्या किंवा खाजनाच्या बांधावर राबणाऱ्याच्या मुलाला ते दूरच होते. पोर्तुगीज ही सरकारची, कागदाची भाषा राहिली. माजघरापर्यंत ती आली नाही.

आज घराण्यात पहिल्यानेच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी विर्नोड्याहून वा साखळीहून ताळगावच्या पठारावर येतो आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात पोर्तुगीज निवडतो, तेव्हा लोक त्याला हसून विचारतात, गेलेल्या राज्याची भाषा आता कशाला? उत्तर बहुधा त्याच्याच घरी, माळ्यावरच्या पेटीत असते. आजोबा-पणजोबांच्या जमिनीची खरेदीखते, वाटणीचे दस्तऐवज हे सारे पोर्तुगीजमध्ये आहे, आणि ते वाचील असे घरात कोणी नाही.

या विद्यार्थ्याची खरी अडचण भाषेच्या कठीणपणाची नसून वाटेची आहे, असे मला वाटते. तो मराठीतून शिकलेला. इंग्रजी त्याला उशिरा आणि धाकाने आलेली. तिसरी भाषा मात्र त्याला या दुसरीच्या आधाराने समजावली जाते. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही, म्हणून पोर्तुगीजचे 'नोवु' आणि 'नोवा' हे भेद त्याला नवलाचे म्हणून सांगितले जातात. वस्तुतः 'नवा' आणि 'नवी' तो जन्मापासून बोलत आहे. शब्दही एकाच मुळाचा! खरा धोका निराळाच आहे. मराठीत आकारान्त विशेषण पुल्लिंगी, पोर्तुगीजमध्ये तेच स्त्रीलिंगी. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी होता. आपल्याकडे येताच केवळ शेवटच्या आकारामुळे तो पुरुष झाला. घरच्या बोलीत मात्र पेडण्याचा मुलगा 'नवो' म्हणतो, आणि तो 'नोवु'च्या किती जवळ आहे हे त्याला कोणी दाखवीत नाही. वर्गात तो त्या बोलीची लाज बाळगतो, हे अधिक वाईट.

आभार मानताना पुरुष 'ऑब्रिगादु' म्हणतो, स्त्री 'ऑब्रिगादा'. 'येतो' आणि 'येते' यांतील भेद जिला ठाऊक आहे त्या मुलीला हा नियम पाठ करावा लागू नये. 'तू' तर दोन्हीकडे 'तू'च. शेजारच्या स्पॅनिशमध्ये हे साम्य आणखी पुढे जाते. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे शब्दशः 'मला आंबा आवडतो', आणि आंबे अनेक असले की आपल्या 'आवडतात'प्रमाणे तेथील क्रियापदही 'गुस्तान' होते. पोर्तुगीजने ही रचना घेतली नाही. तेथे आवडणाराच कर्ता होतो.

सत्तरीतील पिसुर्ले येथे १८९४ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारातील कागदांवर आयुष्य वेचले, पोर्तुगीजमधून ग्रंथ लिहिले आणि १९६७ मध्ये 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत दिला. त्यांच्या व्यासंगाची अपेक्षा कोणाकडून करावी असे नाही. पण दोन्ही भाषा एकाच मेजावर ठेवून काम करता येते, एवढे त्यावरून दिसते.

भूतकाळाशी मात्र मराठी विद्यार्थी खरोखर अडखळतो, आणि येथे शिक्षकाने थांबले पाहिजे. 'बापाने जमीन विकली', 'भावांनी जमीन विकली': आपले क्रियापद जमिनीकडे पाहते, म्हणून दोन्हीकडे 'विकली'च. पोर्तुगीज क्रियापद विकणाऱ्याकडे पाहते. एकाने विकली तर 'वेंदेव', अनेकांनी विकली तर 'वेंदेरांव'. माळ्यावरच्या पेटीतले खरेदीखत वाचताना, जमीन एकट्या थोरल्याने दिली की सर्व भावांनी मिळून, हे त्या शेवटच्या अक्षरातही लिहिलेले असते.