नक्षीपासून धोक्याच्या चिन्हापर्यंत

माध्यमिक शाळेत डिझाइन हा विषय बहुधा चित्रकलेच्या तासातच शिकवला जातो. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटने, त्याला वळण लावले. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. पहिल्या दोहोंत नजर आणि आठवण तपासली जाते. दृश्यसंवादाचे बीज उरलेल्या दोहोंत आहे.

संकल्पचित्रात ठरलेल्या मापाच्या आकारात पाने, फुले, पक्षी बसवायचे असतात. पोस्टर रंग सपाट लागला पाहिजे, कडा साफ हवी. हे करताना विद्यार्थ्याच्या लक्षात येते की, पक्ष्याच्या पंखाखाली उरलेल्या मोकळ्या जागेलाही आकार असतो. ती बिघडली की पक्षीही बिघडतो. अक्षरलेखनातही तेच. दोन अक्षरांमधले अंतर पट्टीने मोजून सारखे ठेवले, तरी ‘ग’ आणि ‘र’ शेजारी आले की मध्ये भगदाड दिसते. तिथे पट्टी बाजूला ठेवून डोळ्याचे ऐकावे लागते. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवणाऱ्या र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराचे कामही याच मोकळ्या जागेशी होते.

मात्र शाळेतला संकल्प बरेचदा नक्षीवरच थांबतो. चित्र कोण पाहणार, किती अंतरावरून, त्याला वाचता येते का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. त्यांचे महत्त्व वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीत सहज कळते. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या (जीआयडीसी) या वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी पिंपावरचे धोक्याचे चिन्ह गुजराती न येणाऱ्या कामगारालाही समजलेच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ही चिन्हे टोकावर उभ्या चौकोनात असतात: लाल कड, पांढरी पार्श्वभूमी, काळी आकृती. दाहक रसायनाच्या चिन्हात दोन नळ्यांतून पडणारे थेंब एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला हात खातात. कारण आणि परिणाम एकाच चित्रात, तेही अक्षराविना! नववीच्या वर्गाला यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. मुलांनी असे एखादे चिन्ह स्वतः काढावे, भिंतीवर लावावे, दहा पावलांवरून अनोळखी माणसाला दाखवावे आणि त्याने काय ओळखले ते लिहून घ्यावे. गुण सुबकतेपेक्षा त्या उत्तराला द्यावेत.

उपयोगाशी जोडलेले कलाशिक्षण वडोदऱ्याला नवे नाही. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, 1890 मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तिथे कलाभवन सुरू झाले. चित्रकलेच्या जोडीला रंगकाम, यंत्रविद्या असे विषय तिथे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेले दादासाहेब फाळके इथे शिकले. चित्र, छायाचित्र आणि यंत्र यांची सांगड पुढे त्यांच्या सिनेमात दिसली. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ललित कला विद्याशाखा. ना. श्री. बेंद्रे यांनी तिथल्या चित्रकला विभागाची घडी बसवली.

ज्याला पुढे याच वाटेने जायचे आहे, त्याला बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी घेता येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी; आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड द्यावी लागते. या परीक्षांत रेखाटनाइतकेच निरीक्षण आणि कल्पनाशक्तीही पाहिली जाते.