धोटा बदलणाऱ्या मागाचे घराणे

जपानमधील टोयोडा घराण्याचा इतिहास मोटारीपासून मागे वाचण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की, ज्या यंत्रमागांवर या घराण्याने चार दशके वेचली, ते केवळ मोटारीची पूर्वतयारी होते असे समजणारे अभ्यासक वाढत चालले आहेत. ही समजूत मुळातच चुकीची आहे.

साकिची टोयोडा (1867–1930) हे सुताराचे पुत्र. त्यांनी 1890 मध्ये सुधारित लाकडी हातमाग आणि 1896 मध्ये लाकूड-लोखंडाचा यांत्रिक माग तयार केला. त्यानंतरच्या भागीदाऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मात्र 1907 मध्ये बाहेरच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीतून 1910 मध्ये बाहेर पडावे लागल्यानंतर साकिचींनी स्वतःची सूतगिरणी व विणकामशाळा उभारली, आणि घराण्याचे खरे वैशिष्ट्य तेथेच घडले. निकृष्ट सुतामुळे माग अडला की दोष मागाचा की सुताचा हे कळत नाही, म्हणून मागाची परीक्षा घेण्यासाठी सूतही आपणच कातावे, अशी त्यांची धारणा होती.

या परीक्षांमधून 1924 मध्ये ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, सूत ज्या कांडीवर गुंडाळलेले असते ती ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात, आणि कांडी संपली की साध्या यंत्रमागावर कामगाराला माग थांबवावा लागतो. अमेरिकेच्या नॉर्थ्रोप मागात धोट्यातील कांडी बदलली जाई. साकिची आणि त्यांचे पुत्र किइचिरो यांच्या मागात मात्र भरलेला नवा धोटाच, वेग जराही न मंदावता, आत ढकलला जाई, आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटताच माग आपोआप थांबे. त्यामुळे एका कामगाराला तीस ते पन्नास माग सांभाळणे शक्य झाले. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत आज ‘दोष दिसताच यंत्राने थांबावे’ हे जे तत्त्व म्हणून शिकवले जाते, ते तुटलेल्या धाग्याकडे बारकाईने पाहणाऱ्या यंत्रकाराने आधी मागात बसवले होते, हे विसरता कामा नये.

1926 मध्ये कारियाला मागनिर्मितीचा स्वतंत्र कारखाना निघाला आणि त्याची सूत्रे साकिचींचे जावई रिसाबुरो यांच्याकडे आली. डिसेंबर 1929 मध्ये लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रनिर्मात्या कंपनीने या मागाचे एकस्व हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. जगाला सूतयंत्रे विकणाऱ्या लँकेशायरने जपानकडून विद्या विकत घ्यावी, ही घटना त्या काळी असामान्य होती. या पैशावरच मोटारधंदा उभा राहिला, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की रक्कम हप्त्यांनी द्यायची होती आणि प्लॅटने ती पुढे कमीही करून घेतली. 1933 मध्ये मोटार विभाग निघाला तो चालत्या मागकारखान्याच्या पोटात, त्याच्याच यंत्रज्ञांच्या बळावर.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. 1904 मध्ये इचलकरंजीत यंत्रमाग आला, मुंबईच्या गिरण्यांनी लँकेशायरची यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालवली, आणि 1990च्या दशकात किर्लोस्करांनी टोयोडांशी भागीदारी करून कर्नाटकात कातणयंत्रे बनवली. नागोयात साकिचींच्या जुन्या विणकामशाळेच्या जागेवर 1994 पासून संग्रहालय असून तेथे माग चालवून दाखवले जातात; मुंबईत 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तसे माग भंगाराच्या भावाने विकले गेले, आणि ते दुरुस्त करणाऱ्या जॉबरांचे व फिटरांचे हातचे ज्ञान नोंदवून ठेवण्याची निकड फार थोड्यांना वाटली.