विश्लेषण : पिंजरा वाचवतो की अडकवतो? मेळघाट ते गोरेवाडा, प्राणिसंग्रहालयांचा न संपणारा वाद

परतवाड्याहून धारणी रस्त्याने घाटाला लागले की तास-दीड तासात सेमाडोह येते. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. प्रकल्पाच्या सिपना वन्यजीव विभागाचे कार्यालयही परतवाड्यातच आहे. तरीही सागाच्या दाट, डोंगराळ जंगलामुळे इथे वाघ सहजासहजी दिसत नाही. वऱ्हाडातल्या पोरांना पहिला वाघ दिसतो तो बहुधा नागपूरच्या महाराजबागेत किंवा गोरेवाड्यात. वाघाला बंदिस्त ठेवणे योग्य की अयोग्य, हा वाद एरवी पुस्तकी वाटतो. मेळघाटाने मात्र तो 2019 मध्ये अगदी जवळून पाहिला.

‘ई-1’ वाघिणीचे काय झाले?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले झाल्यानंतर ‘ई-1’ या तरुण वाघिणीला पकडण्यात आले. तिला आयुष्यभर पिंजऱ्यात टाकण्याऐवजी आणखी एक संधी द्यावी, असे ठरले. गळ्यात रेडिओ कॉलर बांधून 2019 च्या पावसाळ्यात तिला मेळघाटात सोडण्यात आले. कागदावर निर्णय चांगला होता: मेळघाटात जागा आहे, चंद्रपुरात वाघांची दाटी आहे. पण वाघिणीने जंगलाचा नकाशा वाचलेला नव्हता. ती गावांकडे वळली, गुरे मारली, माणसांवर हल्ले झाले, त्यात धारणी तालुक्यातील एकाचा जीव गेला. शेवटी तिला बेशुद्ध करून पकडावे लागले आणि तिची रवानगी गोरेवाड्याला झाली.

इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे ठरते. तिला सुरुवातीलाच बंदिस्त केले असते तर मेळघाटातला तो माणूस वाचला असता. आणि सोडलेच नसते तर एका धडधाकट वाघिणीला संधीच न देता जन्मठेप दिली, असाही आक्षेप आला असता. ज्या आदिवासी गावांच्या शिवारात तिला सोडले गेले, त्यांना या निर्णयात किती विचारले गेले, हा प्रश्न मात्र या वादात फारसा कुणी काढत नाही.

मग पकडलेला वाघ पुन्हा सोडायचाच नाही का?

कायद्याचा कल सोडण्याकडे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 नुसार, जंगलात पुनर्वसन शक्य नसेल तरच पकडलेला प्राणी बंदिस्त ठेवता येतो. पण पुनर्वसन म्हणजे पिंजऱ्याचे दार उघडणे नव्हे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याची ‘टी-1’, म्हणजेच ‘अवनी’, 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळीला बळी पडली. तिच्या मादी बछड्याला त्याच वर्षीच्या डिसेंबरात पकडून पेंचमधल्या मोठ्या कुंपणात ठेवण्यात आले. तिथे तिने शिकार शिकली. मार्च 2021 मध्ये तिला जंगलात सोडले आणि दहा दिवसांच्या आत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झटापटीतील जखमांनी ती मेली. शिकार शिकवता येते. दुसऱ्याच्या हद्दीत कसे राहायचे, हे माणसाला शिकवता येत नाही.

पिंजऱ्यात तरी प्राणी सुरक्षित असतो?

अन्न मिळते, औषध मिळते, म्हणून सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. त्याला गोरेवाड्यातच तडा गेला. 2024 च्या अखेरीस तेथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालात एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूची बाधा निष्पन्न झाली. मानव-वन्यजीव संघर्षातून वाचवून आणलेले हे प्राणी बचाव केंद्रात मेले. दाटीवाटीने आणि बाहेरून आणलेल्या मांसावर जगणाऱ्या प्राण्यांत रोग शिरला की त्याला पळायला जागा नसते, प्राण्यालाही नसते.

जागेचा हिशेब वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांत वाघांच्या एका जोडीसाठी किमान 1000 चौरस मीटर खुली जागा धरलेली आहे. म्हणजे सुमारे पाव एकर. इतक्या वावरात कपाशीही कुणी हौसेनेच लावेल. जंगलातल्या एका वाघिणीचा वावर कित्येक चौरस किलोमीटरचा असतो. रोस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की जे मांसाहारी प्राणी निसर्गात जितके दूरवर हिंडतात, तितक्या त्यांच्या बंदिवासातल्या येरझाऱ्या आणि पिलांचे मृत्यू जास्त. पिंजऱ्यात त्याच त्या वाटेने फिरणारा वाघ पाहून ‘किती ऐटीत चालतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. हत्तींबाबत तर भारताने 2009 मध्येच निर्णय घेतला: प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत.

नियम असतात, अंमलबजावणी वेगळी. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर नजर ठेवणारे प्राधिकरण 1992 पासून आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाराजबागेची मान्यता काढून घेण्याचा निर्णय याच प्राधिकरणाने 2018 मध्ये घेतला होता. त्यावर दाद मागितली गेली आणि बाग बंद झाली नाही. बंद झाली असती तरी तिथले प्राणी कुठे नेणार होते? मान्यता रद्द करण्याच्या प्रत्येक निर्णयामागे हा प्रश्न उभा असतो.

प्राणिसंग्रहालयांच्या बाजूने खरे काय आहे?

एक गोष्ट नक्की आहे आणि तिचा पुरावा मेळघाटच्याच पायथ्याशी आहे. 2025 मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून लांब चोचीची 15 गिधाडे मेळघाटात आणण्यात आली. अकोट वन्यजीव विभागातील सोमठाणा परिसरात, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात त्यांना इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून ठेवण्यात आले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वन विभाग यांचा हा उपक्रम. त्याआधी 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्येही अशी गिधाडे आणली गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडे जवळपास पुसून टाकली, तेव्हा उरलेल्यांतली काही पकडून पिंजऱ्यात वाढवली नसती, तर आज सोडायला काही शिल्लकच राहिले नसते. अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डोरही असाच वाचला. 1987 मध्ये उरलेसुरले 27 पक्षी पकडून त्यांच्यापासून पुन्हा थवे उभे केले गेले.

पण पिंजोर हे तिकीट काढून पाहायचे ठिकाण नाही. पक्ष्यांना माणसाची सवय लागू नये म्हणून तिथे बघ्यांना दूर ठेवले जाते. म्हणजे प्रजाती वाचवणारा पिंजरा बहुधा गर्दीपासून लांब असतो आणि गर्दी खेचणारा पिंजरा प्रजाती वाचवत असेलच असे नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला. त्या कक्षाने बागेला प्रचंड गर्दी मिळवून दिली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पेंग्विनांना त्यातून काय मिळाले, हे सांगणे कठीण आहे. ‘संवर्धन आणि शिक्षण’ हे दोन शब्द प्रत्येक बागेच्या फाटकावर असतात, प्रत्येक बागेला ते शोभतात असे नाही.

दुसरे टोकही आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला जात होता. 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाट हा त्याचा मोठा आधार ठरला. तो टिकला तो कुठल्याही पिंजऱ्यामुळे नव्हे, इथला साग उभा राहिला म्हणून.

सोमठाण्याच्या गिधाडांचे पुढे काय?

सोडल्यानंतर ही गिधाडे जाळीच्या आत राहणार नाहीत, अकोट, अचलपूर, चांदूर बाजारच्या शिवारांवरूनही फिरतील आणि मेलेली जनावरे खातील. डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये, एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर 2023 मध्ये गुरांसाठी बंदी आली. माणसांसाठीच्या कुप्या मात्र औषधाच्या दुकानात मिळतातच, त्या गोठ्यात पोहोचू नयेत म्हणून 2015 मध्ये मोठ्या कुप्यांवर बंदी घालून 3 मिलीची मर्यादा आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. लंगडणाऱ्या बैलाला इंजेक्शन देताना कुपीवर कोणते नाव आहे, हे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसालाच पाहावे लागेल.