शालेय समुपदेशकांचे प्रशिक्षण

शाळेतील मुलामुलींना अभ्यास, व्यवसायाची निवड, परस्परसंबंध व भावनिक अडचणी यांविषयी स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस शालेय समुपदेशक म्हणतात. या कार्यास लागणारे ज्ञान, कौशल्ये व नीतिविवेक संपादन करणे आणि संपूर्ण सेवाकालात ती अद्ययावत ठेवणे, म्हणजे समुपदेशकाचे व्यावसायिक प्रशिक्षण होय. त्याचे सेवापूर्व व सेवांतर्गत असे दोन टप्पे पडतात. समुपदेशन हे उपदेशाहून भिन्न असते. उपदेशक काय करावे हे सांगतो. समुपदेशक ऐकून घेतो, अडचणीचे स्वरूप विद्यार्थ्यालाच स्पष्ट होऊ देतो आणि उपलब्ध पर्यायांचा विचार करण्यास त्याला प्रवृत्त करतो. हा भेद वाचून कळतो. परंतु तो अंगी बाणण्यासाठी अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली दीर्घकाळ सराव करावा लागतो. शिक्षकाच्या पेशात सांगण्याची सवय जडलेली असल्यामुळे शिक्षकातून समुपदेशक घडविताना ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स (मिशिगन) येथील विद्यालयाचे प्राचार्य जेसी डेव्हिस यांनी १९०७ मध्ये निबंधलेखनाच्या तासांतून व्यवसायविषयक व नैतिक मार्गदर्शन देण्याची प्रथा सुरू केली. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. स्वतःच्या क्षमतांची ओळख, व्यवसायांची माहिती व या दोहोंची सुयोग्य सांगड ही त्यांची त्रिसूत्री त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेली आहे. प्रारंभीच्या प्रशिक्षणात साहजिकच व्यवसायमाहिती व मानसिक कसोट्या यांवर भर होता. कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ मधील ग्रंथामुळे हे लक्ष कसोटीकडून व्यक्तीकडे वळले. समुपदेशकाची समानुभूती, सच्चेपणा व विनाअट स्वीकृती यांना त्यांनी महत्त्व दिल्यामुळे मुलाखतीचे कौशल्य हा प्रशिक्षणाचा गाभा ठरला. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली. सोव्हिएट रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह अवकाशात सोडल्यानंतर गुणवान विद्यार्थी हेरून त्यांना विज्ञानाकडे वळविण्याची निकड अमेरिकेस भासली व १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमान्वये समुपदेशकांच्या प्रशिक्षणवर्गांना केंद्रीय अनुदान मिळू लागले. या व्यवसायाचा विस्तार त्यायोगे झपाट्याने झाला.

भारतातील प्रशिक्षण : कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्य सुरू झाले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांनी खासगी केंद्र काढले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र सुरू केले व १९५० मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शन केंद्राची स्थापना केली. माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) मार्गदर्शन अधिकारी व ‘करिअर मास्टर’ म्हणून काम करणारे शिक्षक यांच्या प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाने प्रादेशिक केंद्रे उघडावीत, अशी शिफारस केली. त्यानंतर १९५४ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या १९६१ मधील स्थापनेनंतर हे केंद्र तिच्यात समाविष्ट झाले. समुपदेशकांसाठी पदव्युत्तर पदविकेचा अभ्यासक्रम चालविण्याची जबाबदारीही त्यायोगे परिषदेकडे आली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) साधनसामग्रीची टंचाई ध्यानात घेऊन दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक नेमावा व सोप्या स्वरूपाचे मार्गदर्शन शिक्षकांनी करावे, अशी किमान योजना सुचविली. परिषदेच्या पदविका अभ्यासक्रमास पुढे दूरशिक्षण, प्रत्यक्ष अध्यापन व क्षेत्रीय कार्य यांचे मिश्र रूप देण्यात आले. त्यामुळे सेवेत असलेल्या शिक्षकांना नोकरी न सोडता त्याचा बराच भाग पूर्ण करणे शक्य झाले.

प्रशिक्षणाचे घटक : सैद्धांतिक भागात बाल व कुमारवयाचे मानसशास्त्र, समुपदेशनाच्या उपपत्ती, व्यवसायविकास, अध्ययन-अक्षमता, मानसिक विकारांची प्राथमिक लक्षणे व संख्याशास्त्र यांचा अंतर्भाव होतो. कसोट्यांचे अध्ययन केवळ त्या कशा द्याव्यात एवढ्यापुरते पुरेसे नसते. एखाद्या अभिक्षमता कसोटीची प्रमाणके शहरी इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरून तयार झाली असतील, तर तिच्या आधारे ग्रामीण मराठी शाळेतील मुलीविषयी काढलेला निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरू शकतो. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. अशा चाचणीचा निष्कर्ष म्हणजे भविष्यकथन नव्हे, तर संभाषणाचा आरंभ होय, हे पालकांना समजावून सांगणे हे प्रशिक्षित समुपदेशकाचे काम आहे.

प्रात्यक्षिक भागात भूमिकाभिनय, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व त्यांचे परीक्षण, व्यक्ति-अभ्यास, गटसमुपदेशन आणि शाळेतील उमेदवारी यांचा समावेश असतो. तिघांच्या गटात एकाने समुपदेशक, दुसऱ्याने विद्यार्थी व तिसऱ्याने निरीक्षक व्हावे, ही पद्धत विशेष प्रचलित आहे. अ‍ॅलन आयव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या सूक्ष्म समुपदेशन पद्धतीत लक्षपूर्वक ऐकणे, मुक्त प्रश्न विचारणे, भावनांचे प्रतिबिंबन करणे इ. कौशल्ये एकेक करून शिकविली जातात. मौन सहन करणे हेही शिकावे लागते. नवशिका समुपदेशक विद्यार्थी गप्प होताच घाईने सल्ला देऊ लागतो आणि सांगू पाहणारे मूल पुन्हा मिटून जाते.

गोपनीयता व कायदा : विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे समुपदेशनाचे मूलतत्त्व आहे, तथापि ते निरपवाद नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ यातील कलम १९ अन्वये असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या, किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. त्यात कसूर करणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र अपराध ठरतो. आत्महत्येचा विचार मुलाने बोलून दाखविला, तर पालकांना विश्वासात घेणे व मनोविकारतज्ञाकडे पाठविणे अगत्याचे असते. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा भाषेत सांगावी, असे प्रशिक्षणात शिकविले जाते. ती आधी न सांगता नंतर गोष्ट उघड केल्यास मुलाचा विश्वास तुटतो. उलट सर्वच गुप्त ठेवण्याचे वचन दिल्यास मुलाच्या जीवितास धोका संभवतो. आपल्या कौशल्याची सीमा ओळखून योग्य तज्ञाकडे पाठविणे, हे यामुळेच महत्त्वाचे व्यावसायिक कौशल्य मानले जाते.

सेवांतर्गत विकास : कायदे, अभ्यासक्रम, व्यवसायांचे स्वरूप आणि मुलांचे जीवन सतत बदलत असल्याने एकदा मिळविलेली पदविका पुरेशी होत नाही. आंतरजालावरील छळ ही समस्या जुन्या अभ्यासक्रमांत नव्हती. अमेरिकेतील अनेक राज्यांत समुपदेशकाच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण सातत्यपूर्ण शिक्षणावर अवलंबून असते. भारतात अशी एकसूत्री पद्धत रूढ झालेली नाही. उजळणी वर्ग व कार्यशाळा यांखेरीज नियमित पर्यवेक्षण हे सेवांतर्गत विकासाचे प्रभावी साधन होय. यात समुपदेशक आपली प्रकरणे, विद्यार्थ्याची ओळख उघड न करता, ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे मांडतो व स्वतःच्या पूर्वग्रहांची तपासणी करतो. शाळेत समुपदेशक बहुधा एकटाच असल्याने परिसरातील शाळांच्या समुपदेशकांनी मिळून घेतलेल्या प्रकरणचर्चाही उपयुक्त ठरतात. दुसऱ्यांची दुःखे सतत ऐकल्याने येणारा भावनिक थकवा त्यामुळे वेळीच लक्षात येतो.

समस्या : अमेरिकी संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असे प्रमाण सुचविले आहे. भारतातील बहुसंख्य शाळांत पूर्णवेळ समुपदेशक नाही. जेथे आहे, तेथेही बदली तास, परीक्षेची कामे व शिस्तभंगाची चौकशी त्याच्यावर सोपविली जाते. शिक्षा करणारी व्यक्ती व मन मोकळे करण्याची जागा एकच झाल्यास विद्यार्थी तिच्याकडे जाईनासे होतात. त्यामुळे समुपदेशकाबरोबर मुख्याध्यापकांचेही उद्बोधन आवश्यक ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) शाळांतील समुपदेशकांची गरज मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी बाल व कुमारांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावयाचा असून सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावयाचे आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ञांशी औपचारिक संबंध जोडावयाचे आहेत. या तरतुदींमुळे समुपदेशकांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. ती अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रवर्गांतून घाईने भागविली गेल्यास पद भरले जाईल, परंतु पर्यवेक्षित सरावाची उणीव राहून जाईल. या सेवेची गुणवत्ता प्रशिक्षणाच्या कालावधीपेक्षाही त्यातील प्रात्यक्षिकावर व सेवेत मिळणाऱ्या आधारावर अवलंबून असते.